आधी गज

"आधी गज घाल. मग हात लाव."

म्हातारा मान वर न करता बोलतो आणि तुम्ही पुढं केलेला हात मागं घेता.

आज शुक्रवार, 31 जुलै 1857. कोल्हापुरात गंगावेशीच्या आत एका शिकलगाराच्या दुकानात तुम्ही उकिडवे बसला आहात. कौलं तीन ठिकाणी गळतायत आणि तिन्ही ठिकाणी भांडी ठेवलेली आहेत. नागपंचमी झाली, बकरी ईद तोंडावर आली. पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं, एवढंच गावात एकमेकांना मोठ्यानं विचारलं जातं. बाकीचं कुजबुजीत चालतं. मेरठ-दिल्लीची खबर खरी का? इथल्या छावणीतल्या सत्ताविसाव्या पलटणीत काय शिजतंय? दुकानातला पोरगा सहाणेचं चाक फिरवायचं थांबवून कान टवकारतो, तसा म्हातारा त्याच्या डोक्यात टपली मारतो. चाक पुन्हा फिरायला लागतं.

पोरगा त्याला चाचा म्हणतो, म्हणून तुम्हीही चाचाच म्हणता. तो आत्ताच जुम्म्याची नमाज पढून आलाय. पायजम्याची टोकं चिखलानं भरलीत, पण हात बघण्यासारखे स्वच्छ. तलवारींना, कट्यारींना शिकल करण्यात त्याचा जन्म गेला. आज मात्र त्याच्यापुढं निराळाच जिन्नस आहे. छावणीतल्या कुणा साहेबाच्या बंगल्यावरचा नोकर लाकडी पेटी ठेवून गेला. चकरी फिरत नाही, पावसानं धरलीय, नीट करून द्या, इतकंच सांगून गेला.

पेटीत निळसर काळं, अठपैलू नळीचं सहाबारी पिस्तूल आहे. नळीवर लंडनचा शिक्का. अमेरिकेतल्या कोल्टनं थेम्सकाठी कारखाना काढला होता. 1853 ला धूर निघायला लागला आणि तीन-चार वर्षांत तो बंदही पडला. हे त्याच कारखान्यातलं. 1851 साली आलेला हा नमुना, 'नेव्ही' नावाचा. वजन सव्वा शेर. चकरीवर बारीक नक्षी कोरलेली. चाचा ती दिव्यापाशी नेऊन बघतो आणि हसतो.

"गलबतं हायत लेका. शिडांची. लढाई चाललीया."

खरंच आहे. टेक्सासच्या आरमाराची 1843 मधली झुंज या नमुन्याच्या प्रत्येक चकरीवर उमटवलेली असते. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या तळहातावर, समुद्रापासून घाटभर दूर, ती सहा घरांभोवती गोल गोल चालू राहते.

आता गज. चाचानं दिलेला गज पितळेचा आहे, लोखंडाचा नाही. पितळेची ठिणगी पडत नाही. सगळ्यात आधी चाचा चकरीच्या मागच्या सहा बोंड्या बघतो, ज्यांच्यावर तांब्याच्या टोप्या बसतात. एकीवरही टोपी नाही. मग तो नळीच्या बुडातली पाचर ठोकून काढतो, नळी सुटते, चकरी हाताशी येते. तेल सोडलेल्या घरात तुम्ही गज घालता. पहिल्या घरात तळाला टेकतो. दुसऱ्यात टेकतो. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात टेकतो.

सहाव्यात बोटभर आधीच अडतो.

चाचाचा चेहरा बदलत नाही. चकरीचं तोंड तो हलकेच भिंतीकडं वळवतो, म्हणजे पोराच्या, तुमच्या किंवा रस्त्याच्या दिशेला ते राहत नाही. "बगितलंस? साहेब म्हनला आसंल रिकामं हाय. नोकर म्हनला रिकामं हाय. पिस्तूल काय म्हनतंय?"

सहाव्या घरात बार ठासलेला आहे. किती दिवसांचा, कुणी सांगावं. आणि त्यानं फरकही पडत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू म्हातारी होत नाही. लोणच्यासारखी ती खराबही होत नाही, तुपासारखी खवटही होत नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही एका ठिणगीवर उठते. भिजली तर झोपते. पण नुसतं भिजवून भागत नाही, कारण वाळल्यावर ती पुन्हा जागी होऊ शकते. म्हणून चाचा चकरी पाण्याच्या घंगाळात सोडतो, बराच वेळ भिजू देतो, मग बोंडी पिळून काढतो आणि मागच्या भोकातून काळी लापशी पाण्यात धुऊन घेतो. गोळी शेवटी. तीही मागून, गजाच्या टोकानं, सावकाश. "टप" करून ती घंगाळात पडते.

मला विचाराल तर या सगळ्या प्रवासात बघण्यासारखं एवढंच आहे. पुढं तुम्ही पाच बार काढणार आहात, धूर होणार आहे, कान बधिर होणार आहेत. पण जुन्या हत्याराशी कसं वागायचं याचा निम्मा धडा या घंगाळात आहे.

दुपार टळताना पाऊस जरा उसंत घेतो. चाचा पिस्तूल फडक्यात गुंडाळतो, पेटी पोराच्या डोक्यावर देतो आणि तिघं वेशीबाहेर पडता. पिस्तूल चालतं की नाही हे बघितल्याशिवाय साहेबाला परत देणं त्याच्या रीतीत बसत नाही. नदीकडच्या वाटेला दगडाची एक जुनी खाण लागते. तुम्हाला वाटतं, हीच जागा. तिन्ही बाजूंनी आडोसा आहे. चाचा थांबतसुद्धा नाही.

"दगडावर मारलीस तर गोळी परत तुज्याकडंच पाव्हनी यील."

तो निवडतो उसाच्या फडामागचा मातीचा उंच बांध. पाऊस पिऊन मऊ झालेला, पलीकडं नुसतं पुराचं पाणी. पोराला तो मागं, उजव्या अंगाला, दहा पावलांवर उभा करतो. पेटी त्याच्याजवळ, झाकण लावून. दारूचं शिंगही त्याच्याकडंच. बार काढणाऱ्याच्या हाताशी दारूचा साठा ठेवायचा नाही. नुकत्याच उडालेल्या घरात एखादा धुमसता कण राहिला आणि वरून शिंगातली दारू ओतायला गेलं, तर उडतं ते शिंग, आणि शिंगासोबत हात. म्हणून पाच बारांची दारू त्यानं दुकानातच मोजून बोरूच्या पाच नळकांड्यांत भरून आणलीय. एकेका नळकांड्यात दीड माशाच्या आत.

"पाच का? घरं तर सहा आहेत," तुम्ही विचारता.

चाचा घोड्याकडं बोट दाखवतो. घोडा ज्या बोंडीवर टेकतो तिच्यावर टोपी असली आणि पिस्तूल हातातून दगडावर पडलं, तर चाप न ओढताच बार होतो. कोल्टनं दोन बोंड्यांच्या मधे बारीक खुंट्या ठेवल्यात, घोडा त्यांच्यावर टेकवता येतो. पण या पिस्तुलाच्या खुंट्या झिजून गेल्यात. सहावं घर रिकामं, घोडा त्याच्यावर. विषय संपला.

तुम्ही घोडा अर्ध्यावर ओढता. चकरी मोकळी होते आणि कटकट करत बोटानं फिरते. नळी आभाळाकडं, तोंड तिच्यावर कधीच न्यायचं नाही. पहिल्या घरात बोरूतली दारू पडते. मोहरीपेक्षा बारीक, काळे चमकदार दाणे. वर शिशाची गोळी ठेवता. ती घरापेक्षा केसभर मोठी आहे, बोटानं दाबून आत जात नाही. चकरी फिरवून ते घर नळीखालच्या दांड्याखाली आणता आणि दांडा खाली ओढता. गोळी आत जाताना तिच्या कडेचं शिसं कापलं जातं आणि घराच्या तोंडाशी अंगठीसारखं पातळ कडं सुटून येतं.

"आलं कडं? मंग बसली नीट."

ते कडं म्हणजे तुमची खात्री. गोळी घट्ट बसली, फट राहिली नाही. फट राहिली तर काय होतं? एका घरातला बार उडतो, त्याचा जाळ शेजारच्या घराच्या तोंडातून आत शिरतो आणि तोही उडतो. मग त्याच्या शेजारचा. त्यातला एकही नळीसमोर नसतो. जुन्या सहाबारीचा धोका समोरच्याला असतोच, पण धरणाऱ्याच्या डाव्या हातालाही असतो. तो हात चकरीच्या पुढं कधी न्यायचा नाही. आणि टोप्या सैल बसल्या तरी जाळ मागच्या बाजूनं शिरू शकतो, म्हणून टोपी बोंडीच्या मापाची हवी, मोठी टोपी चिमटून बसवलेली नको.

आणखी एक गोष्ट गोळीच्या खालची. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी ठेवायची नाही. लांब नळीच्या ठासणीच्या बंदुकीत अशी पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटते. आपण 'ठासून सांगितलं', 'ठासून भरलं' म्हणतो, ते ठासणं इथं या दांड्याखाली दिसतं. 'फुसका बार' तर सांगायलाच नको, तो थोड्या वेळानं तुम्हाला स्वतःलाच भेटणार आहे.

पाचही घरं भरली की चाचा कनवटीची डबी काढतो आणि प्रत्येक घराच्या तोंडावर बोटानं पिवळट लेप दाबतो. जाळ अडवायला आणि नळीतली काजळी मऊ ठेवायला.

"चरबी?" तुम्ही सहज विचारता.

चाचा आधी पोराकडं बघतो, मग वाटेकडं. "ह्या वर्सी त्यो शबुद काडू नगं. मेन हाय. मेन आन् तिळाचं त्याल."

जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना कसली चरबी लावलीय यावरून कुजबूज सुरू झाली. गाईची की डुकराची? सरकारनं घाईघाईनं सांगून बघितलं की शिपायांनी आपापलं वंगण लावावं, काडतूस दातांऐवजी हातानं फाडावं. पण तोवर गोष्ट काडतुसाच्या पलीकडं गेली होती. बोटभर वंगणानं काय काय पेटलं! इथं उसाच्या फडामागं एक शिकलगार तेच काम मेण आणि तेलावर भागवतो.

टोप्या सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडायचा नाही. टोपीत पाऱ्याचं स्फोटक असतं, नुसत्या टोल्यानं पेटणारं. ती बसेपर्यंत हातातलं जड लोखंड नुसतं जड लोखंड असतं. ती बसली की ते हत्यार. म्हणून टोपी बसवायची ती बांधाकडं तोंड करून उभं राहिल्यावरच, पेटीपाशी नाही, चालताना नाही, बोलताना तर नाहीच.

तुम्ही घोडा पूर्ण ओढता. गंमत अशी की नेम धरायची खाच या पिस्तुलाच्या घोड्यावरच आहे; घोडा ओढल्याशिवाय ती दिसत नाही. खाचेत पुढची माशी, माशीवर बांधातला पांढरा खडा. बोट चापावर.

बार होतो तेव्हा आवाज कडाडत नाही, घुमतो. हात मागं फेकला जात नाही, वर ढकलला जातो, कुणीतरी मनगट धरून उचलल्यासारखा. आणि मग समोर काहीच नाही. पांढराशुभ्र धूर, ओल्या हवेत जागच्या जागी लोंबणारा, नासक्या अंड्याच्या वासाचा. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन काजळी होऊन उरतो. त्यातला काही धुरात जातो, काही नळीत बसतो. खडा लागला की नाही ते कळायला तुम्हाला वाकून धुराखालून बघावं लागतं. चुकलाय. वीतभर उजवीकडं.

"नळी वर कर आन् मंग घोडा वड," चाचा मागून सांगतो. फुटलेल्या टोपीचे तुकडे नाहीतर घोड्याच्या फटीत पडून यंत्र अडतं.

दुसरा बार. तिसऱ्याला चाप ओढता आणि टोपी 'फट्' करून फुटते. बार नाही.

तुमचं मनगट आपोआप वळायला लागतं. काय झालं ते बघावं, हा माणसाचा स्वभाव. चाचाचा हात तुमच्या खांद्यावर इतका जोरात पडतो की तुम्ही गोठता.

"हलू नगं. बांधाकडंच धर. शंभर मोज."

तुम्ही मोजता. ओलसर दारू कधी कधी आत धुमसत राहते आणि टोपी फुटल्यावर काही क्षणांनी मन बदलते. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. बांधावर बगळा उतरतो, हवा अजून गंधकाची आहे हे कळून उडून जातो. शंभर. काही झालं नाही. चाचाच्या सांगण्यावरून तुम्ही, नळी तशीच समोर ठेवून, त्या बोंडीवर नवी टोपी बसवता. या वेळी बार होतो, पण उशिरानं. चाप, मग श्वासभर शांतता, मग धडाम. पाऊस असा पिस्तुलात शिरतो.

पन्हाळा इथून वायव्येला दिसायला हवा, पण तो ढगात आहे. त्याच ढगात, याच दिवसांत, 197 वर्षांपूर्वी सिद्दी जौहरचा वेढा चालू होता. 1660 चा जुलै. तेव्हाच्या बंदुका तोड्याच्या. सुताची जळती वात घोड्याच्या जबड्यात धरून ती कान्यातल्या रंजकावर टेकवायची. आषाढातल्या पन्हाळ्यावर रात्रभर वात जळती ठेवायची आणि रंजक कोरडं राखायचं, याचा विचार करून बघा. मग 1807 मध्ये स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या एका पाद्र्यानं टोल्यावर पेटणाऱ्या स्फोटकाचं पेटंट घेतलं. त्याचा रोख शिकारीवर होता म्हणतात. चकमकीचा झोत दिसला की पाखरं उडायची. पाखरं राहिली बाजूला, त्या कल्पनेतून निघालेल्या तांब्याच्या टोपीनं पावसाला बरंचसं हरवलं. बरंचसंच. पूर्ण हरवलं असतं तर तुम्ही आत्ता शंभर मोजले नसते.

उरलेले दोन बार तुम्ही काढता. पाचवा खड्याला लागतो. पोरगा ओरडतो, चाचा ओरडत नाही.

परत दुकानात आल्यावर खरं काम सुरू होतं. बार काढणं पाव घटकेचं, धुणं तासाभराचं. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, आणि कोल्हापूरच्या श्रावणात ती ते रात्रभरात इतकं ओढते की सकाळी लोखंडावर तांबडं आलेलं दिसतं. त्यावर नुसतं तेल चोपडणं म्हणजे घाण झाकणं. चाचा चुलीवर पाणी उकळवतो. पिस्तूल सुटं करतो, बोंड्या काढतो, आणि नळीतून, घराघरातून कढत पाणी ओततो. आधी शाईसारखं काळं, मग करडं, मग नितळ. लोखंड स्वतःच इतकं तापतं की पुसायच्या आधी वाळतं. मग फडकं, मग तेलाचा हात.

दिवे लागलेत. नोकर पेटी न्यायला येतो. चाचा त्याच्यासमोर पुन्हा चकरी उघडतो आणि गज त्याच्याच हातात देतो. सहा वेळा. सहाही वेळा गज तळाला टेकतो.

नोकर पेटी घेऊन अंधारात जातो. पुढं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, चाचाला नाही. त्याच रात्री सत्ताविसावी पलटण उठते. तीन तरुण गोरे अधिकारी मारले जातात. पागेत अडून बसलेल्या शिपायांवर साताऱ्याहून दौडत आलेला लेफ्टनंट केर दरवाजा फोडून घुसतो आणि त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळतो. शिपायांची बाजू लिहून ठेवायला कुणी बसलेलं नसतं. 18 ऑगस्टला कर्नल ले ग्रँड जेकब पलटणीची हत्यारं काढून घेतो. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब कराचीला नेले जातात आणि तिथंच 1869 मध्ये वारतात. 1878 चा हत्यारांचा कायदा येतो, आणि घराघरातल्या ठासणीच्या बंदुका परवान्यात, नाहीतर माळ्यावर जातात.

माळ्यावर. तुम्हीही आता तिथंच आहात.

आज. वाडा पाडायचा ठरलाय, आवराआवर चाललीय. तुळईच्या खोबणीत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लागतं. पणजोबांची ठासणीची बंदूक असेल, एखादं सहाबारी पिस्तूल असेल. धाकटा भाचा मोबाइल काढतो, फोटोसाठी ती खांद्याला लावतो, नळी थेट तुमच्या पोटावर. गंजलेलीच आहे, तो हसत म्हणतो.

या गावाला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच. आणि त्या रात्रीनंतर बरोबर 167 वर्षांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, रिकामी रायफलसुद्धा माणसाकडं रोखायची नसते. परदेशात काळ्या दारूच्या पिस्तुलांच्या आजही स्पर्धा होतात. 30 मिनिटांत 13 बार, त्यातले उत्तम 10 धरायचे. तिथंही दारू सुट्या नळ्यांत मोजून आणावी लागते, शिंग रेषेवर नेता येत नाही. चाचाच्या बोरूच्या नळकांड्या, दुसरं काय.

पण तुमच्याकडं ना रेषा, ना बांध, ना चाचा. तेव्हा भाच्याच्या हातातून ती ओढून घेऊ नका; त्याला नळी भिंतीकडं करायला सांगा आणि होती तिथं अलगद ठेवायला लावा. घोडा ओढून बघू नका, चाप दाबून बघू नका, टोपी शोधू नका, चुलीजवळ नेऊ नका. गजसुद्धा तुम्ही घालू नका, ते जाणकाराचं काम. 1959 च्या हत्यारांच्या कायद्यानुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य हत्याराला त्यातून सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे ठरवणारे तुम्ही नव्हे. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, आणि कळवताना पहिलं वाक्य हे सांगा: आत बार भरलेला असू शकतो.